व्हाँतूची प्रदक्षिणा

पहिल्या खेपेला मी दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंहून निघून बारा किलोमीटरही गेले नसेन. फोनमधल्या नकाशाने सर्वांत जवळचा म्हणून जो रस्ता दाखवला तो डोळे झाकून धरला होता. ऑक्टोबर महिना, द्राक्षांची तोडणी उरकत आलेली, आणि रस्त्यावर ट्रकांची रांग. कडेला पांढरी पट्टी, पट्टीच्या पलीकडे वीतभर डांबर, त्यावर काचा आणि खडी. एक ट्रक इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने हँडल आधी आत ओढलं गेलं आणि मग झटक्यात बाहेर फेकलं गेलं. मी उतरले, सायकल गवतात घेतली आणि गुडघ्यांची थरथर थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग हातात सायकल धरून आडवाटेने परत स्टेशनवर. प्रोव्हाँस आपल्यासाठी नाही, असं त्या संध्याकाळी मी मनाशी ठरवून टाकलं.

सात महिन्यांनी, मे महिन्यात, त्याच भागात मी पाच दिवस सायकल चालवली. एकटीने. त्या पाच दिवसांत ट्रकचा वारा एकदाही अंगावर आला नाही. मधल्या काळात रस्ता निवडायचा कसा हे मी शिकले होते, आणि ते शिकणंच मला इथे सांगायचं आहे. कारण सायकलीवरून लांब जावंसं वाटणाऱ्या पण गाड्यांच्या धाकाने घरीच राहणाऱ्या कितीतरी बायका मला ठाऊक आहेत.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीनिमित्त चार वर्षं लियोंमध्ये आहे. ऑक्टोबरचा प्रकार ऑफिसात सांगितला तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मिशलँ कंपनीचा कागदी नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यावर रस्ते तीन रंगांत असतात: लाल, पिवळे आणि पांढरे. लाल म्हणजे मोठ्या वाहतुकीचे, पिवळे त्यांच्याखालचे, आणि पांढरे म्हणजे बाकी सगळे, गावातून गावात जाणारे. फोनवरच्या नकाशात मी हे भेद कधी पाहिलेच नव्हते, कारण तिथे आपण निळ्या रेघेकडे बघतो, तिच्याखालच्या रस्त्याकडे नाही. काही रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ असते, ती निसर्गरम्य रस्त्याची खूण. आणि चढावर छोटे बाण असतात, चढाच्या दिशेने तोंड केलेले. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. "तीन बाण दिसले की तिथे सायकल ढकलायची तयारी ठेवा," ते म्हणाले, "त्यात कमीपणा काही नाही."

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. नुसता पांढरा रस्ता शोधून भागत नाही. त्याच दोन गावांना जोडणारा दुसरा, वेगाने नेणारा रस्ता शेजारी आहे का ते बघायचं. असेल तर घाईतले सगळे तिकडून जातात आणि जुना, वळणावळणाचा रस्ता मोकळा राहतो. दुसरा रस्ता नसेल तर पांढऱ्या रस्त्यावरूनही दुधाची गाडी, शाळेची बस, वीटभट्टीचा ट्रक, सगळे जाणार. रस्ता शांत का आहे, याचं कारण सापडलं पाहिजे. कारण सापडत नसेल तर तो नकाशावरच शांत आहे.

हिवाळाभर मी संध्याकाळी हाच उद्योग केला. कागदी नकाशावर पेन्सिलीने रेघ मारायची, मग उपग्रहाच्या चित्रात तोच रस्ता तुकड्यातुकड्याने बघायचा. मधोमध पांढरी रेघ आहे का? फ्रान्समध्ये खूप अरुंद, कमी वर्दळीच्या रस्त्यांवर मधली रेघ बहुधा नसते, आणि ती नसली की गाडीवाले आपोआप हळू होतात. वळणावर समोरचं दिसतं का? कडेला झाडी आहे की भिंत? बाजूला खाण किंवा वाळूचा डेपो तर नाही ना? एकदा एक सुरेख पांढरा रस्ता मी निवडला होता, तो थेट दगडाच्या खाणीच्या फाटकाशी जात होता. तो खोडरबराने पुसला.

असं करता करता रेघ मों व्हाँतूच्या भोवती फिरू लागली. सायकलवाल्यांना हा डोंगर सांगायला नको. १,९०९ मीटर उंच, आजूबाजूला त्याच्या तोडीचं काही नाही, माथा पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांचा, उन्हाळ्यातही बर्फ पडल्यासारखा दिसणारा. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९५१ मध्ये पहिल्यांदा त्याच्यावरून गेली. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू माथ्याच्या थोडं अलीकडे कोसळला आणि गेला. बेद्वँ, मालोसेन आणि सो या तीन गावांतून माथ्यावर जायला डांबरी रस्ते आहेत आणि मोसमात त्या तिन्ही रस्त्यांवर सायकलींची, मोटरसायकलींची आणि सायकलस्वारांच्या मागे पाणी घेऊन जाणाऱ्या गाड्यांची रीघ असते. सगळ्यांना वर जायचं असतं. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याने जाणारे रस्ते बऱ्यापैकी रिकामे राहतात. हेही एक कारणच झालं.

फोनवर बाबांना मी हा बेत सांगितला. बाबा पस्तीस वर्षं सायकलीवरून शाळेत शिकवायला जात, रोज जाऊन-येऊन अठरा किलोमीटर.

"वर जाणार नाहीस?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. भोवतीने फिरून परत."

"मग प्रदक्षिणा म्हण की. उजव्या हाताला ठेव म्हणजे झालं."

पेन्सिलीची रेघ घड्याळाच्या उलट दिशेने जात होती, म्हणजे डोंगर डाव्या हाताला राहणार होता. मी ती बदलायचा प्रयत्नही केला. पण उलट फिरले असते तर नेस्क नदीची घळ उतरताना लागली असती, आणि ती चढतानाच बघायची होती. बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "चालेल. मनोभावे फिर."

लियोंहून टीईआर या प्रादेशिक रेल्वेगाडीने आव्हिन्यों, तिथून दुसऱ्या गाडीने कार्पाँत्रा. डब्यात सायकल हुकाला उभी टांगता येते. आव्हिन्यों ते कार्पाँत्रा हा फाटा १९३८ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला होता, तो २०१५ मध्ये पुन्हा सुरू केला. ज्या मधल्या पट्ट्याने मला ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं होतं तो मी अर्ध्या तासात खिडकीतून ओलांडला. गर्दीचा भाग गाडीने टाळणं यात मला काही वावगं वाटत नाही. शांत रस्त्यापर्यंत पोचणं हाही त्या शांत रस्त्याचाच भाग आहे.

सायकल साधी, स्टीलच्या सांगाड्याची, ३२ मिलिमीटरचे टायर. एकच गोष्ट मी मुद्दाम बदलून घेतली होती: मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. पुढची लहान चकती ३४ दात्यांची होती, मागची सर्वांत मोठी मी ३४ दात्यांची बसवली. म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. सामान दोन पॅनिअरमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांत, मिळून नऊ किलो. त्या सामानासकट सात-आठ टक्क्यांचा चढ बसून, बोलता येईल इतक्या दमाने चढता येतो. हा बदल केला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

पहिला दिवस छोटा. माझाँ, मोर्म्वारों, आणि मुक्कामाला व्हील-स्यूर-ओझों. द्राक्षमळे, चेरीच्या बागा, मळ्यांच्या कडेला लाल पॉपी. या बाजूची चेरी मेच्या मध्यापासून पिकते. एका फाटकाशी टोपल्या मांडल्या होत्या आणि पैसे टाकायला डबा. अर्धा किलो घेतल्या आणि तिथेच खाल्ल्या.

मंगळवारी पहाटे साडेसहाला निघाले. व्हीलहून सो गावाला जायला दोन रस्ते आहेत. डी १ हा नोत्र-दाम-देझ-आबेय या ९९६ मीटर उंचीच्या खिंडीवरून जातो. डी ९४२ हा नेस्क नदीच्या घळीच्या काठाने जातो. पहिला जवळचा, म्हणून ज्यांना सोला कामाला जायचंय ते सगळे तिकडून जातात. दुसरा वळणांचा, लांबचा, कड्याला चिकटलेला. त्यावर ज्याला घाई नाही तोच येतो. टेबलावर पसरलेल्या त्या फाटक्या नकाशात मला हेच दाखवलं होतं.

घळीचा रस्ता जवळजवळ वीस किलोमीटर चढत जातो आणि एवढ्या अंतरात जेमतेम साडेचारशे मीटर उंची घेतो. सरासरी सव्वादोन टक्के. पसरणी घाटात जसं छाती भरून येते तसं इथे होतच नाही. चढ आहे हे पायांना कळतं, पण श्वासाला नाही. सुरुवातीला सदाहरित ओकची झाडी, मग झाडी खाली राहते आणि उजवीकडे दरी उघडते. खाली नदी दिसत नाही, तिचा आवाजही येत नाही. समोरच्या कड्यावर ऊन उतरत होतं, मी सावलीत होते. कडेला जेनेची पिवळी झुडपं आणि थाइम फुललेलं. सिकाडा किडे जूनअखेरीशिवाय ओरडत नाहीत, त्यामुळे मेमधली ही शांतता वेगळी. मी थांबले की चेनचा आवाज थांबे आणि मग नाइटिंगेल ऐकू येई, एक जवळ, एक दरीपलीकडे.

पावणेसात ते दहा या वेळात मी मोजलेल्या गाड्या अशा: मोटारी अकरा, पोस्टाची पिवळी व्हॅन एक, मोटरसायकली दोन. सायकली मात्र तिसाच्या वर. प्रत्येक जण "बाँजूर" म्हणून पुढे गेला. मागून आलेल्या मोटारी वळण संपेपर्यंत माझ्या मागे थांबत होत्या. गावाबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा इथे कायदा आहे, आणि २०१५ पासून पुढचं नीट दिसत असेल तर त्यासाठी मधली अखंड रेघ ओलांडायलाही मुभा आहे. सगळेच पाळतात असं नाही. पण या रस्त्यावर आलेला माणूस आधीच लांबच्या वाटेने आलेला असतो, तो अर्ध्या मिनिटासाठी कासावीस होत नाही.

काही ठिकाणी रस्ता दगडातून कोरून काढलेल्या लहान बोगद्यांतून जातो. बोगद्याच्या आधी मागचा लाल दिवा लावला. पुढे कास्तेलेरासचा कठडा लागतो, ७३४ मीटरवर. तिथे प्रोव्हाँसाल भाषेतल्या ओळी कोरलेली शिळा उभी आहे, आणि समोर दरीपलीकडे रोशे द्यू सीर, मेणाचा कडा. ८७२ मीटर उंच, एकसंध उभा. रानमाश्यांची पोळी या कड्यावर असत आणि मध काढायला माणसं दोरावरून उतरत, म्हणून हे नाव. मी कठड्याला टेकून खूप वेळ उभी होते. आमच्याकडे आग्यामोहोळाच्या कड्याखालून जाताना आजी हातवाऱ्याने सगळ्यांना गप्प करायची, ते आठवलं. इथेही मी कुजबुजतच होते, सोबत कोणी नसताना, स्वतःशी.

कास्तेलेरासनंतर उतार, मोन्यो गाव, आणि मग शेवटचा चढ सोला. गावाचं नाव लिहिताना पाच अक्षरं आणि बोलताना एकच: सो. डोंगराच्या सोंडेवर सातशे साठेक मीटरवर वसलेलं, खाली लॅव्हेंडरचं पठार पसरलेलं. मेमध्ये लॅव्हेंडर जांभळं नसतं. राखाडी-हिरवे गोल गड्डे, सरळ सरीत, न्हाव्याने नुकते कापल्यासारखे. जांभळा रंग बघायचा तर जूनअखेर ते जुलै यावं लागतं, आणि तेव्हा हेच रस्ते फोटो काढायला थांबलेल्या मोटारींनी भरलेले असतात. मला रस्ता हवा होता, म्हणून मी रंग सोडला. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी जुलैत पहाटे साडेपाचला निघावं आणि नवाला खोलीवर परतावं, असं घरमालकीणबाईंनी सांगितलं.

त्याच बाईंनी रात्री जेवायला वाटीभर शिजवलेलं पती एपोत्र दिलं, भाज्या घालून. हा फार जुना, एकदाणी (आइनकॉर्न) म्हणतात तो गहू. त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं आणि मळणीत सुटत नाही, वेगळं कांडावं लागतं. पहिला घास घेतला आणि मला खपलीची खीर आठवली. खपली त्याची सख्खी नव्हे, पण चुलत बहीण नक्की. बाईंना मी फोनवर खपलीच्या कणसाचा फोटो दाखवला. त्यांनी आत जाऊन बरणीतून मूठभर दाणे आणून टेबलावर ओतले, आणि आम्ही दोघी ते बोटांनी पसरून बघत बसलो. मोडक्या फ्रेंचमध्ये मी त्यांना खीर कशी करतात ते सांगितलं: गूळ, खोबरं, जायफळ. "गूळ" समजावायला दहा मिनिटं लागली.

बुधवारी सोचा आठवडी बाजार असतो, १५१५ पासून. बाजाराच्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर सकाळी दहापर्यंत गाड्या असतात हे गृहीत धरून त्या दिवसाचा मुक्काम मी सोमध्येच ठेवला होता. मध, बकरीचं चीज, नुगा नावाची मिठाई घेतली. साडेअकराला पॅनिअर न लावता पठारावर गेले. इथली एक खूणगाठ बांधून ठेवावी अशी गोष्ट: फ्रान्सच्या खेड्यात बारा ते दोन हे दोन तास दिवसातले सर्वांत शांत. सगळे जेवायला बसलेले असतात. रस्ते अक्षरशः रिकामे होतात. पण दुकानंही बंद होतात, म्हणून पाव-चीज बाराच्या आत घ्यायचं, आणि बेकरीच्या साप्ताहिक सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून ठेवायचा.

सो, सँ-त्रिनी, सँ-क्रिस्तोल आणि परत सो, अशी तीसेक किलोमीटरची फेरी. सपाट म्हणावं इतकं सौम्य. या आल्बियों पठाराच्या पोटात १९७१ ते १९९६ पर्यंत अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं ठेवलेली होती, अठरा विहिरींमध्ये. आता ती काढून टाकली आहेत आणि सँ-क्रिस्तोलच्या तळावर फॉरेन लीजन या फ्रेंच सैन्यातल्या परदेशी सैनिकांच्या दलाची तुकडी राहते. मी एका सरीच्या टोकाला बसून पाव खात होते आणि वारा नव्हता, माणूस नव्हता, फक्त मधमाश्या थाइमवर. अशा जमिनीखाली तसलं काही पंचवीस वर्षं होतं, हे कळल्यापासून मला त्या पठाराची शांतता जपून वापरावीशी वाटते.

गुरुवारी मिस्त्राल येणार हे बुधवारीच कळलं होतं. उत्तर-वायव्येकडून येणारा हा कोरडा थंड वारा आला की आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि सायकल सरळ राहत नाही. माझी गुरुवारची वाट व्हाँतूच्या उत्तर पायथ्याने, तूलूराँ नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेला जाणारी. म्हणजे वारा समोरून आणि उजव्या खांद्यावर. दोन पर्याय होते: एक दिवस थांबायचं किंवा वारा वाढण्याआधी निघायचं. घरमालकीणबाई म्हणाल्या, पहाटे तो बहुतेक मंद असतो. पावणेसहाला निघाले, हातात दोन मोजे, कानावर पट्टी.

ओरेल गाव गेलं, उतार लागला, आणि मोंब्रँ-ले-बँ दिसलं. टेकडीला घरांची भिंतच बांधल्यासारखं गाव, खाली गंधकाच्या पाण्याचे झरे. इथे ड्रोम जिल्ह्याची हद्द लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा व्होक्लूझची. जिल्हा बदलला की त्याच रस्त्याचा नंबर बदलतो, कारण डी रस्ते ज्या त्या जिल्ह्याच्या ताब्यात असतात. हे ठाऊक नसेल तर वाट चुकली असं वाटून माणूस घाबरतो. म्हणून चिठ्ठीवर मी नंबर न लिहिता पुढच्या गावांची नावं ओळीने लिहिली होती: साव्होयाँ, ब्राँत, सँ-लेजे, आँत्रशो, मालोसेन. ती हँडलबारच्या पिशवीवर चिकटवलेली.

तूलूराँचं खोरं हा मी आजवर चालवलेला सर्वांत देखणा रस्ता आहे. डावीकडे व्हाँतूची उत्तर बाजू, सावलीतली, काळीनिळी, इतकी उभी की मान मागे टाकावी लागते. दक्षिणेकडून पोस्टकार्डावर दिसतो तो हा डोंगरच नव्हे. उजवीकडे उंचावर कड्याच्या कंबरेला ब्राँत. सोनंतर तासाभरात मला दोन मोटारी भेटल्या आणि एक शेळ्यांचा कळप. खोऱ्यात गावं थोडी, तीही लहान, आणि इथून पुढे घाईने कुठे पोचण्यासारखं काही नाही. शांततेचं कारण इतकं साधं.

ब्राँतकडे वर जाणारा फाटा चढून गेले. तिथे दोन बाण होते आणि मी शेवटचे तीनशे मीटर ढकलले. गावाच्या कठड्यावरून समोर व्हाँतू, मधे काहीच नाही. माझ्या सबंध फेरीत मी त्याच्या इतक्या समोर कधी आले नव्हते. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, डोंगर पाहिला, आणि फोन टेबलाला टेकवून ठेवून त्याला हात जोडले.

वारा साडेनऊला आला. सँ-लेजेच्या पुढे खोरं अरुंद होतं, आणि एका उघड्या वळणावर झोताने पुढचं चाक हातभर रस्त्याच्या मध्याकडे ढकललं. मागून गाडी असती तर? नव्हती. पण तो ऑक्टोबरचा थरकाप पुन्हा पायात उतरला. मी उतरले. पुढची दोन किलोमीटर झोत आला की चालायचं, ओसरला की बसायचं, असं केलं. पॅनिअर वाऱ्याला शिडासारखे अडतात, म्हणून उतारावरही वेग पंधराच्या वर जाऊ दिला नाही, हात हँडलच्या खालच्या दांड्यांवर, कोपर सैल. एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन समोरून आले, त्यांनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "मादाम, ठीक आहे ना सगळं?" मी हो म्हटलं. पुढच्या वळणानंतर सायप्रसच्या झाडांची रांग आहे, तिथपासून वारा अडतो, असं सांगून ते गेले. खरोखरच सायप्रसपासून पुढे चालवता आलं. शेतं वाऱ्यापासून राखायला उत्तरेच्या बाजूला लावलेल्या या रांगा इथे सगळीकडे आहेत. नकाशावर त्या दिसत नाहीत, उपग्रहाच्या चित्रात काळ्या रेघेसारख्या दिसतात. पुढच्या वेळी त्याही बघून ठेवणार आहे.

मालोसेनला दुपारी एकला पोचले. गावाबाहेर ग्रोझोचा झरा आहे, डोंगराच्या पोटातून निघणारा, वरून प्लेनची मोठी झाडं. हेच ते गाव जिथून २६ एप्रिल १३३६ रोजी पेत्रार्क हा कवी भावाबरोबर व्हाँतूच्या माथ्यावर चढला होता. झऱ्याशेजारून माथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलींची रांग त्या वाऱ्यातही लागलेली. मी पाण्यात पाय सोडून त्यांना जाताना बघत बसले. पाण्याबद्दल सांगायचं तर गावातल्या कारंज्यावर "ओ नों पोताब्ल" अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही. काही सापडलं नाही की दफनभूमीकडे वळायचं; तिथे फुलांना घालायला नळ असतो, आणि नळावर तशी पाटी नसेल तर बाटली भरता येते. हे मला एका वयस्कर सायकलस्वार बाईंनी मोन्योत शिकवलं.

शुक्रवारी वारा पडला. मालोसेन ते बेद्वँ हा डी १९ रस्ता कोल द ला मादलेन या ४४८ मीटरच्या खिंडीवरून जातो. पाइनची झाडी, गुळगुळीत डांबर, नऊ वाजेपर्यंत तीन मोटारी. बेद्वँच्या चौकात मात्र एकदम जत्रा: भाड्याच्या सायकली, पाण्याच्या बाटल्या, दंडावर नंबर लिहिलेली मुलं, वर जायच्या तयारीत. एका तरुणाने माझे पॅनिअर बघून विचारलं, हे घेऊन वर? मी हाताने हवेत गोल काढून दाखवला. त्याला कळायला क्षणभर लागला, मग त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

बेद्वँहून क्रियों-ल-ब्राव्हच्या पायथ्याने मळ्यांमधल्या पांढऱ्या रस्त्यांनी कार्पाँत्रा. मीटरवर पाच दिवसांचे १६८ किलोमीटर झाले होते, त्यातली सव्वाशेच्या वर डोंगराभोवतीची. गाडी दोन पन्नासची होती. फलाटावर सायकलीची चेन पुसली, पेन्सिलीची रेघ असलेला नकाशा घडी करून पॅनिअरमध्ये ठेवला. आता त्याच्याही घड्यांना चिकटपट्टी लागणार आहे. सोच्या बाईंनी कागदात बांधून दिलेले एपोत्रचे दाणे तळाशी आहेत, बाबांसाठी. दिवाळीला जाईन तेव्हा खीर त्याचीच करायची असं आमचं फोनवर ठरलं आहे, आणि गूळ जरंडेश्वरच्या बाजूच्या गुऱ्हाळातला हवा, हेही.